खाऱ्या पाण्याच्या टाकीत माशांचा थवा पाळावा का?

खारवारा (धागाकर्ता):

सागरी मत्स्यालय उभारणाऱ्या बहुतेकांच्या मनात सुरुवातीला एकच चित्र असते: प्रवाळांच्या पुढून-मागून एकदिलाने वळणारा, वळताना क्षणभर चमकून जाणारा माशांचा थवा. माझ्याही मनात तेच होते. बारा वर्षे खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की घरच्या टाकीत हा थवा पाळता येत नाही. फार तर घोळका पाळता येतो, तोही मोजक्याच जातींचा, आणि थव्याच्या हौसेपायी आपण दरवर्षी बरेच मासे हकनाक मारतो.

थवा आणि घोळका हे शब्द मी मुद्दाम वेगळे वापरतो आहे. सोबतीसाठी मासे जवळजवळ राहतात, पण ज्याचे त्याचे तोंड वेगळ्या दिशेला असते आणि जो तो आपापले अन्न टिपत असतो, तेव्हा तो घोळका. सगळे एकाच दिशेने, एकाच वेगाने, एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून पोहतात आणि एकत्र वळतात, तेव्हा तो थवा. प्रवाळभित्तीवरचे जे मासे थव्याचे म्हणून विकले जातात, ते बहुतेक घोळक्याने राहणारे आहेत. शिकारी जवळ आला की घोळका आवळतो आणि काही काळ त्याचा थवा होतो. धोका टळला की पुन्हा विखुरतो. गोड्या पाण्यातल्या गप्पी माशांबाबत बेन सेगर्स यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेला त्रिनिदादमधला अभ्यास हेच सांगतो: ज्या ओढ्यांत शिकारी मासे जास्त, तिथले गप्पी अधिक दाटीने राहतात; जिथे शिकारी कमी, तिथे ते सुटेसुटे वावरतात. जात एकच, फरक भीतीचा.

आता टाकीकडे पाहू. तिथे शिकारी नाही, अन्न रोज ठरल्या वेळी वरून पडते. पंधरा-वीस दिवसांत माशांना हे कळते आणि एकत्र राहण्याचे मोठे कारणच संपते. मग उरते ती आपापसांतली उतरंड. हिरवट-निळा क्रोमिस (क्रोमिस विरिडिस) हे त्याचे नेहमीचे उदाहरण. समुद्रात हा मासा फांद्यांच्या प्रवाळाभोवती मोठ्या संख्येने राहतो, आणि मार खाणारा मासा पलीकडच्या फांदीआड निघून जाऊ शकतो. टाकीत त्याला कोपरा मिळतो. मी 450 लिटरच्या टाकीत नऊ क्रोमिस सोडले होते. पहिले दोन महिने दृश्य खरोखर सुंदर होते. मग सर्वांत लहान मासा पंपामागे लपून राहू लागला, त्याचे पर कुरतडलेले दिसू लागले, आणि एका सकाळी तो नव्हता. त्यानंतर दुसऱ्या लहानाची पाळी आली. दीड वर्षाने दोन उरले.

बांगाई कार्डिनल या लहान माशाच्या घोळक्याचे तर जोडी जमली की संपते. जोडी उरलेल्यांना जगू देत नाही. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या परिसरापुरत्याच मूळ वस्ती असलेल्या आणि 2007 पासून आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या माशाचे पाच-सहा नग केवळ शोभेसाठी एका टाकीत कोंडणे मला पटत नाही.

प्रवाळवेडी:

खारवारा, आपण थवा आणि घोळका यांत केलेला भेद योग्य आहे; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. एकत्र राहण्याचे कारण केवळ भीती असते, हे गृहीतच अपुरे आहे. काही जातींत समूह ही प्रजननाची आणि वाढीचीही व्यवस्था असते.

अँथियास हे प्रवाळभित्तीवरचे रंगीत मासे घ्या. लायरटेल अँथियासच्या (स्यूडँथियास स्क्वामिपिनिस) समूहात एका नराभोवती अनेक माद्या असतात. जन्मतः सगळे मासे मादीच असतात. नर मेला किंवा नाहीसा झाला की माद्यांमधली वरचढ मादी काही आठवड्यांत नर होते: तिचा नारिंगी रंग जांभळट-गुलाबी होतो आणि पाठीवरच्या पराचा एक काटा लांब वाढतो. कोणी नर व्हायचे आणि कोणी मादी राहायचे, हे भोवतालच्या माशांवर ठरते. अशा माशाला एकटे ठेवणे म्हणजे त्याच्या आयुष्याचा अर्धा भाग काढून घेणे. तुम्ही म्हणता ती उतरंड अँथियासमध्येही आहेच. पण तिथे उतरंड समूह मोडत नाही, तीच समूह धरून ठेवते.

माझ्या 700 लिटरच्या टाकीत एक नर आणि सहा माद्या चार वर्षांहून अधिक काळ आहेत. त्यासाठी काय करावे लागले, ते सांगते. सगळ्या माद्या एकाच दिवशी सोडल्या, म्हणजे आधी आलेलीचा हक्क तयार होत नाही. नर सर्वांत शेवटी सोडला. एकाहून अधिक नर ठेवले नाहीत. हे मासे प्रवाहातले प्लवक, म्हणजे पाण्यात वाहणारे सूक्ष्म जीव, दिवसभर टिपत राहणारे असल्यामुळे एक वेळ भरपूर खाऊ घालून भागत नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे कोपेपॉड आणि बारीक मायसिस (दोन्ही कोळंबीच्या कुळातले बारीक जीव) द्यावे लागतात. कमी खाऊ मिळाला की सर्वांत खालची मादी खंगते, आणि आपण त्याला भांडण म्हणतो. माझ्या मते टाक्यांमधले बरेचसे ‘वैर’ ही मुळात उपासमार असते.

पायजमा कार्डिनल हे त्याहून सोपे उदाहरण. दिवसभर एका जागी तरंगत राहणारे, रात्री खाणारे, एकमेकांच्या वाटेला क्वचितच जाणारे मासे. पाच-सहा जण एकत्र ठेवले तर धीट राहतात. एकटा ठेवला तर आडोशाबाहेर येत नाही. या दोन जाती सोडून क्रोमिस आणि बांगाईवरून सरसकट निर्णय देणे न्याय्य नाही.

पाणथळ:

क्रोमिसबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. नऊपैकी सात मासे भांडणानेच गेले, हे आपण कशावरून ठरवले? या जातीत युरोनेमा नावाच्या सूक्ष्म परजीवीचा प्रादुर्भाव फार आढळतो. अंगावर, बहुधा कुशीला, लालसर चट्टा उठतो आणि मासा दोन-तीन दिवसांत जातो. आजारी मासा बाजूला पडतो, म्हणून इतर त्याला टोचतात. आपण फक्त टोचणे पाहतो आणि त्यालाच मृत्यूचे कारण मानतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या सागरी रोगाचा परजीवी, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, माशाशिवाय जगू शकत नाही, त्यामुळे काही आठवडे टाकी माशांविना ठेवली की तो संपतो. युरोनेमा मात्र जिवाणूंवर जगू शकतो, म्हणून टाकी रिकामी ठेवूनही जात नाही. नवे मासे आधी वेगळ्या टाकीत चार-सहा आठवडे निरीक्षणाखाली ठेवले असते, तर आपला अनुभव कदाचित वेगळा झाला असता.

खारवारा:

पाणथळ, आपला आक्षेप रास्त आहे आणि मी तो अंशतः स्वीकारतो. पहिल्या दोन माशांच्या अंगावर लाल चट्टा होता की नाही, हे मला आज खात्रीने सांगता येणार नाही. त्या वेळी मी त्या दृष्टीने पाहिलेच नव्हते. विलगीकरणही केवळ आठ दिवसांचे होते, आणि ती माझी चूक होती. पुढचे मासे मात्र मी जवळून पाहिले आहेत. त्यांच्या अंगावर चट्टा नव्हता, शेपटीचे पर फाटलेले होते, आणि प्रत्येक वेळी सर्वांत लहानच गेला. रोगाने मरण्याचा क्रम आकारानुसार इतका नेमका लागणार नाही.

प्रवाळवेडी, अँथियासबाबतचे आपले म्हणणे मला पटते. परंतु आपण जे वर्णन केले, ते 700 लिटर पाणी आणि दिवसातून चार-पाच वेळा खाऊ असे आहे. इतका खाऊ पडला की नायट्रेट आणि फॉस्फेट ही पाणी खराब करणारी द्रव्ये वाढतात, म्हणजे प्रोटीन स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारे यंत्र) मोठा लागतो आणि पाणीही वारंवार बदलावे लागते. ज्याला दोनशे लिटरच्या टाकीत ‘काहीतरी झुंडीने पोहणारे’ हवे आहे, त्याला हे कोणी सांगत नाही.

नवखा_पोहणारा:

मी अजून टाकी सुरू केलेली नाही, वाचतो आहे. धोका असला की घोळका आवळतो, हे खरे असेल तर टाकीत एखादा लहान लायनफिश किंवा ग्रुपर असा शिकारी मासा ठेवून मासे एकत्र ठेवता येतील का? काही ठिकाणी हा उपाय सुचवलेला पाहिला आहे.

प्रवाळवेडी:

कृपया असे करू नका. समुद्रात शिकारी येतो आणि जातो. त्या दोन वेळांच्या मध्ये मासे खातात, विसावतात, अंडी घालतात. टाकीत तो तीन फुटांवर कायम असतो. सतत धास्तावलेला मासा नीट खात नाही, त्याची प्रतिकारशक्ती ढासळते, आणि शेवटी लायनफिश त्याला गिळतोच, कारण तोंडात मावेल ते तो गिळतो. या एका मुद्द्यावर खारवारा आणि मी एकाच बाजूला असू, असे मी धरून चालते.

खारवारा:

नक्कीच. किंबहुना माझा मूळ मुद्दा या प्रश्नातच आहे. जे दृश्य टिकवायला शिकारी आणून ठेवावा लागतो, ते दृश्य म्हणजे माशांची घबराट आहे. आपण काचेबाहेर बसून तिला शोभा म्हणतो.

मोजपट्टी:

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियममध्ये सार्डिनचे खरे थवे पाहायला मिळतात, पण तो लक्षावधी लिटर पाण्याचा आणि पूर्णवेळ कर्मचाऱ्यांचा कारभार आहे. सार्डिन न थांबता पोहणारा मासा आहे. घरच्या टाकीशी त्याची तुलना करूच नये.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. समुद्राच्या पाण्यात त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी प्राणवायू विरघळतो. गोड्या पाण्यात वीस निऑन टेट्रा सहज पाळलेला माणूस तोच हिशेब इथे लावतो, आणि वीज गेल्यावर पहिल्याच रात्री त्याला फरक कळतो. दहा मासे म्हणजे प्रत्येक श्वासाचे, प्रत्येक विष्ठेचे दहापट. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ नसेल, तर समूहाचा विचारही करू नये.

प्रवाळवेडी:

मोजपट्टींशी सहमत. बांगाईबद्दल मात्र एक बाजू राहून गेली आहे. या जातीचा नर अंडी आणि नंतर पिल्लेही तोंडात सांभाळतो, त्यामुळे प्लवकात वाहून जाणारी अळीची अवस्था तिच्यात नसते. बाहेर पडणारे पिल्लू लगेच आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) खाऊ शकते. म्हणूनच तिची पैदास टाकीत होऊ शकते आणि होतेही. टाकीत जन्मलेली पिल्ले एकत्र वाढवली, तर वयात येईपर्यंत ती शांतपणे समूहाने राहतात. त्यानंतर जोड्या वेगळ्या काढाव्या लागतात, हे खरे. पण समुद्रातून मासा न उचलता समूह पाहण्याचा हा एक मार्ग आहे, आणि तो आपण सरसकट नाकारू नये.

खारवारा:

टाकीत जन्मलेल्या पिल्लांना माझा विरोध नाही. माझ्या पहिल्या लेखनात तो भेद यायला हवा होता. माझा प्रश्न पुढचा आहे. वेगळ्या काढलेल्या त्या जोड्या कुठे जाणार, हे पिल्ले आणण्यापूर्वी किती जणांनी ठरवलेले असते? दुसरी टाकी तयार असेल तर अवश्य पाळावीत. नसेल तर सहा पिल्लांऐवजी एक जोडी आणावी, आणि नर तोंड मिटून, काही न खाता तीन आठवडे कसा तरंगत राहतो, ते पाहावे.

नवखा_पोहणारा:

लायनफिशचा विचार सोडला आहे. माझ्याकडे 240 लिटरची जागा आहे. पायजमा कार्डिनल पाच, सगळे एकाच दिवशी, त्याआधी सहा आठवडे वेगळ्या टाकीत: हे चालेल का?

प्रवाळवेडी:

चालेल. फांद्यांचा आडोसा दोन ठिकाणी द्या, आणि निदान सुरुवातीला दिवे मावळल्यावरही थोडा खाऊ टाका. रात्री कोण खातो आणि कोण मागे राहतो, ते मंद टॉर्चने पाहत जा.