धागा: मोटार वाहन कायद्याचं कलम 185 (दारू पिऊन गाडी चालवणं) – फुंकर (श्वासचाचणी), रक्त आणि कोर्ट. माहिती असेल त्यांनी लिहा

गोदाकाठ: थर्टी फर्स्टच्या नाकाबंदीची बातमी वाचली आणि 2006 सालचं वांद्र्याचं कार्टर रोड प्रकरण आठवलं. दारू प्यायलेल्याच्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेले 7 मजूर गेले. भारतीय दंडसंहितेचं कलम 304 भाग 2 (सदोष मनुष्यवध) आणि 3 वर्षं शिक्षा सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये कायम केली. तरी अजून ग्रुपवर फिरतंय, ‘दोन हजार भरा नि सुटा’. तो दोन हजारांचा जुना दंड 1 सप्टेंबर 2019 लाच संपला. रोजचा संबंध असलेल्यांनी नेमकं लिहा.

काळा कोट: मर्यादा 100 मिलि रक्तात 30 मिग्रॅ. त्यावर गेलात की पहिल्या वेळी 10,000 दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 15,000 किंवा 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गुन्हा तडजोडीचा नाही, म्हणजे हेल्मेटच्या चलनासारखा मोबाईलवर भरून मिटत नाही. तारखेला हजर राहा, नाहीतर वॉरंट. कबुली देऊन दंड भरला तरी ती शिक्षाच. पुढच्या वेळी तीच मोजतात.
लायसन्सचं वेगळं. याच कायद्याच्या कलम 206(4) खाली ते जप्त होऊन आरटीओकडे जातं. पोलीस पोच देतात, पण त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही. इथेच लोक फसतात.

सुगरण: आयुर्वेदिक आसवं-अरिष्टं घेणाऱ्यांचं काय हो? भाकरी तव्यावर आहे, नंतर वाचते.

पांढरा कोट: ताई, आसवात अल्कोहोल असतंच, साधारण 5 ते 10 टक्के. चार चमच्यांनी रक्तात फारसं चढत नाही, पण तोंडात वाफ राहते. लगेच फुंकलं तर आकडा उगाच मोठा येतो. माउथवॉशचंही तेच. चूळ भरा, 15 मिनिटं थांबा, मग पुन्हा चाचणी मागा. तोंडातली वाफ तेवढ्यात जाते, रक्तातली दारू जात नाही.
रक्त घेताना कातडी स्पिरिटनं पुसायची नाही. नळीत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट हवं. फ्लोराइड कमी पडलं तर रक्तातली साखर आंबते, नळीतच अल्कोहोल तयार होतं आणि अहवालावर विश्वास राहत नाही. सील, सही आणि नमुना घेतल्याची वेळ तिथल्या तिथे.
अजून एक. अल्कोहोल ताशी 15 मिग्रॅच्या आसपास उतरतं. रात्री 1 ला 100 मिलि रक्तात 150 मिग्रॅ असेल तर 30 वर यायला सकाळचे 9 वाजतात. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानंही वेग वाढत नाही.

गोदाकाठ: डॉक्टर, हे सकाळच्या शिफ्टवाल्यांच्या ग्रुपवर टाकतोय.

काळा कोट: वेळेवरून आठवलं. 185 खाली अटक झाली की 2 तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं (कलम 202). फुंकायला नकार दिला नि पोलिसाला दारूचा रास्त संशय असला तर अटक होऊ शकते, आणि तो नकार कोर्टात पुरावा म्हणून येतो. नुसत्या वासावर, झोकांड्यांवर मात्र भागत नाही. रक्त न तपासलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 1971 मध्येच तसं म्हटलंय.

विमावाला: पण आमच्याकडे तसं नाही बरं का. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम फुंकर-रक्त अहवाल नसतानाही इतर पुराव्यावर नाकारता येतो, सुप्रीम कोर्ट 2021. ज्याला धडक बसली त्याला बहुतेकदा कोर्ट आधी कंपनीकडून पैसे द्यायला लावतं, मग मालकाकडून वसुली.

लेस्टरकर: इकडे इंग्लंडमध्ये मर्यादा 80, स्कॉटलंडात 50. पण दोषी ठरलात की किमान 12 महिने गाडी चालवायला बंदी. ड्रग्जना 2015 पासून आकडे ठरलेत, गांजातल्या टीएचसीला (नशा आणणारा घटक) लिटरला 2 मायक्रोग्रॅम. तिकडे आहेत का?

काळा कोट: नाहीत. आपल्याकडे गाडीवर ताबा राहणार नाही इतका अंमल होता, हे सिद्ध करावं लागतं. म्हणून अशा केसमध्ये डॉक्टरांचं टिपण जीव की प्राण: चाल, बोलणं, बाहुल्या, वेळ, सगळं लिहिलेलं हवं.

सुगरण: वाचलं सगळं. आणि प्यायलाय हे दिसत असून जो चावी हातात देतो, त्याचं?

काळा कोट: कलम 188, ताई. गुन्ह्याला प्रोत्साहन दिलं असं ठरलं तर चालवणाऱ्याला जी शिक्षा, तीच त्याला.