१२ जानेवारीचा कार्यक्रम: चार नावं राहिली

कार्यवाह, सर्व सभासदांना

मंडळी, नमस्कार.
सभागृह १२ जानेवारीलाच मिळालं, त्यामुळे संक्रांतीचा कार्यक्रम त्या दिवशी. जिजाऊंची आणि स्वामी विवेकानंदांची जयंतीही तेव्हाच आहे. म्हणून आधी दोन्ही प्रतिमांचं पूजन, मुलांची भाषणं, मग हळदीकुंकू आणि तिळगूळ. काही राहिलं असेल तर रविवारपर्यंत कळवा.

उत्तर, सोलापूरहून

दादा, राहिलंय. मी सध्या गड्ड्यासाठी, म्हणजे आमच्या सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेसाठी, घरी आलोय, म्हणून हे जास्तच लागलं.

१२ जानेवारी १९३१ ला सोलापूरच्या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. नुसती नावं एका दमात वाचली तरी आमचं गाव कसं आहे ते कळतं. आदल्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मे ला गोळीबार झाला, माणसं मेली, आणि पुढचे काही दिवस इंग्रजांचा अंमल गावात उरलाच नाही. मग १२ मे ते ३० जून १९३० मार्शल लॉ. साधी गांधी टोपी घालायची चोरी झाली. पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात या चौघांना फाशीची शिक्षा झाली.

आमची आजी कुणाचंही वय सांगताना 'तो मार्शल लॉच्या आधीचा' किंवा 'नंतरचा' असंच सांगायची. सालाची तिला गरज पडत नसे. आणि आपल्या पत्रिकेत त्या तारखेला या चौघांना एक ओळही नाही, हे मला बघवत नाही. दोन प्रतिमांच्या शेजारी चार नावं ठेवा, एवढंच मागणं आहे.

उत्तर, काकूंचं

अरे, तुझं म्हणणं पटतंय. पण फाशीचा दिवस आणि हळदीकुंकू एकाच मांडवात कसं करायचं? बायका नटून येतात, लहान पोरांची बोरन्हाणं आहेत. त्यांची आठवण स्वतंत्र, नीट करूया की. घाईत फूल वाहून मोकळं होणं मला आवडणार नाही.

उत्तर, सोलापूरहून

काकू, घाईत नकोच. पण इथं दोन्ही एकाच दिवशी होतं, आणि कुणाला अडचण वाटत नाही की ओ.

संक्रांत १४ ला असली की भोगीला, म्हणजे १३ ला, अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न. आणि त्याच्या आदल्या दिवशी, १२ लाच, यण्णीमज्जन. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावाभोवती स्थापन केलेल्या ६८ लिंगांना त्या दिवशी तेलाचा अभिषेक असतो. मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच काठ्या, उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात. त्याच सकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडतात. माणूस पुतळ्यापाशी हात जोडतो आणि तसाच पुढं काठ्या बघायला जातो. १९३१ लाही संक्रांत दोनच दिवसांवर होती. घराघरांत तीळ भाजत असताना ती बातमी आली असणार. म्हणून मला दोन्ही वेगळं काढता येत नाही.

आत्ता हे लिहितोय तर धाकट्या भावाची पांढरी बाराबंदी, काठी धरताना घालायचा अंगरखा, समोर गच्चीवर वाळतेय. तो रोज रात्री नंदीध्वजाच्या सरावाला जातो. काठी कमरेशी तोलली की मान वर, नजर टोकाला, आणि बाकी कुणाशी शब्द नाही. आई म्हणते, एरवी हा दहा मिनिटं एका जागी बसत नाही.

उत्तर, सिंदखेडराजाकडचे काका

मी जिजाऊंच्या माहेरचा, त्यामुळे माझं मत आधी सांगतो: चारही नावं हवीत. जिजाऊंच्या जयंतीला सोलापूरच्या पोरांची नावं घेतली तर त्यात कमीपणा कसला?

आमच्याकडं तिथीनं पौष पौर्णिमाही पाळतात, तारखेनं १२ जानेवारी. आणखी एक, मुलांना भाषणात सांगण्यासारखं. विवेकानंद जन्मले ती १२ जानेवारी १८६३, आणि त्या दिवशी मकरसंक्रांतच होती! संक्रांत तारखेनं हळूहळू पुढं सरकते, साधारण ७०-७२ वर्षांत एक दिवस. म्हणून तेव्हा १२, आता १४ किंवा १५. हा दिवस राष्ट्रीय युवक दिन करायचं सरकारनं १९८४ ला ठरवलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. हे संक्रांतीचं फारसं कुणी सांगत नाही. १९३४ ला चितगावचे क्रांतिकारक सूर्य सेन यांनाही १२ जानेवारीलाच फाशी झाली. वेळ असेल तर तेही नाव घ्या.

काकू

बरं, माझी हरकत नाही. मग हळदीकुंकवाच्या आधी, सगळे बसलेले असताना करा. ताटं वाजत असताना नको.

कार्यवाह

ठरलं तर. पूजन झालं की चार मुलं एकेक नाव वाचतील, त्यासोबत दोन-दोन वाक्यं. सोलापूरकर, ती तूच लिहून पाठव, आणि 'यण्णीमज्जन' कसं म्हणायचं ते फोनवर बोलून ठेव, मुलांना ऐकवतो. सभागृहात ज्योत पेटवायला परवानगी नाही, तेव्हा सेलवरच्या चार पणत्या मी आणतो. येताना शेंगाचटणी जमली तर दोन किलो आण, पैसे मंडळ देईल.