विषय: पतसंस्थेचा धर्मादाय निधी आणि मुलांच्या मेंदूविकारांवरचं संशोधन

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतलं पोर्टलंड सोडून नाशिकला परत आले तरी तिकडच्या आपल्या मंडळाच्या ई-मेल लिस्टवरून नाव काढलेलं नाही, आणि आज लिहितेय ते मदत मागायलाच. आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल, कायद्याने घ्यावीच लागते, आणि यंदा नफा वाटणीच्या विषयावर मला उभं राहून बोलायचंय. दरवर्षी होतं काय, अहवालाचं पुस्तक हातात पडतं, चेअरमन विषय वाचतात, मागून "मंजूर, मंजूर" असा आवाज येतो आणि सगळे जेवणाच्या रांगेत. त्या पुस्तकात धर्मादाय निधी म्हणून एक ओळ असते, तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. त्यातून वह्या वाटतात, शाळेला पंखे देतात, चांगलंच आहे ते, पण मला त्यातला थोडा पैसा संशोधनाकडे वळवायचाय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांची खाती तिकडे क्रेडिट युनियनमध्ये आहेत, म्हणजे आपली पतसंस्थाच, सभासदांच्या मालकीची. १९८६ मध्ये ओरेगॉनमधल्या क्रेडिट युनियन एकत्र येऊन पोर्टलंडच्या डॉर्नबेकर बालरुग्णालयासाठी पैसे जमवायला लागल्या आणि पुढे ते काम देशभर पसरलं. काउंटरवर सुटे पैसे, कर्जाचा एखादा हप्ता पुढे ढकलायचा तर त्याची छोटी फी आणि ती फी देणगीत, वॉशिंग्टनची चेरी ब्लॉसमची दहा मैलांची शर्यत, असं काय काय. एकेकाचे दोन-पाच डॉलर, पण वर्षानुवर्षं न थांबता.

त्याच डॉर्नबेकरमध्ये नोव्हेंबर २००६ ला बॅटन रोग (मुलांचा मेंदू हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार) असलेल्या एका मुलाच्या मेंदूत न्यूरल स्टेम सेल, म्हणजे मेंदूच्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी, सोडल्या, तसं त्याआधी कुठेच झालं नव्हतं. चाचणीत एकूण सहा मुलं होती. तो आजार काय असतो बघा, चांगलं खेळतं-बोलतं मूल, तीनेक वर्षांचं झालं की फिट यायला लागतात, मग शिकलेले शब्द जातात, चालणं जातं, नजर जाते. स्टेम सेलची ती चाचणी एका कंपनीची होती, त्यातून औषध नाही आलं, पण असं काही करून बघू शकणारा बालमेंदूविभाग एका वर्षाच्या देणगीवर उभा राहत नाही एवढं मला नक्की कळतं. आणि २०१७ मध्ये या आजाराच्या सीएलएन२ प्रकारावर पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालंच, दर दोन आठवड्यांनी थेट मेंदूच्या पोकळीत सोडावं लागतं, बरं करत नाही पण चालणं जायचा वेग कमी करतं.

इथे रविवार कारंजाला आमचा पिग्मी एजंट रोज दुकानादुकानातून पन्नास-शंभर रुपये गोळा करतो, मशीनमधून पावती फाडून देतो. त्याच्या भाचीला एसएमए आहे, स्नायू कमजोर करत नेणारा मज्जासंस्थेचा आनुवंशिक आजार. बसते, पण उभी राहत नाही, बिस्किट घ्यायला हात पुढे केला की बोटं बारीक थरथरतात, बोलायला मात्र चुरचुरीत. पंचवटी एक्सप्रेसने तिला घेऊन मुंबईला केईएम रुग्णालयात जातात. त्या माणसाने गोळा केलेल्या पैशातूनच संस्थेचा नफा होतो हो, मग त्यातला वाटा अशा मुलांसाठी का नको?

तुमची काकू, कॉलेज रोड

---

काकू,

मी इथल्या आपल्या मंडळाचा खजिनदार म्हणून आणि एसएमएच्या मुलांना पाहिलेला माणूस म्हणूनही लिहितो. माझा प्रश्न असा की त्या भाचीला औषध आत्ता पाहिजे, संशोधनाचा पैसा दहा वर्षांनी फळणार. एसएमएवर जनुकाचं जे एकदाच द्यायचं औषध आहे त्याची अमेरिकेतली किंमत २०१९ ला आली तेव्हाच २१ लाख डॉलरच्या वर होती, आणि भारत सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात मदत जास्तीत जास्त ५० लाख रुपये. मधली दरी लोक वर्गणीने भरायला बघतात. सभासद हेच विचारतील, तयारी ठेवा.

पैशाचं म्हणाल तर इथून तुमच्या पतसंस्थेत काही पाठवता येणार नाही. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेतून दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत, पण अमेरिकन नागरिक झालेल्यांची, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) असलं तरी, परदेशीच, आणि ती घ्यायला त्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. त्यापेक्षा दोन वेगळे गल्ले ठेवू, तुमचे तिकडे, आमचे डॉर्नबेकरला.

---

दादा, मी इथे लहान मुलांची फिजिओथेरपी करते म्हणून मध्ये बोलते. एसएमएचं पहिलं औषध डिसेंबर २०१६ ला मंजूर झालं ना, त्याच्या मुळाशी जे प्रयोगशाळेतलं काम होतं, मॅसॅच्युसेट्समधे रवींद्र सिंग वगैरेंचं, त्याला सुरुवातीला पैसे देणाऱ्यांत पालकांची संघटना होती, १९८४ साली सुरू झालेली. कंपन्या आल्या त्या नंतर. तेव्हाही कोणीतरी त्या पालकांना म्हणालं असेल की आधी व्हीलचेअर घ्या. आज माझ्याकडे येणारी काही मुलं स्वतः उभी राहतात, ती त्या पैशामुळे. काकू, तुम्ही उभ्या राहाच.

---

दादा, ताई,

दोघांचंही पटलं. धर्मादाय निधीतून आजारी माणसांना जी मदत मिळते तिला हात लावायचाच नाही, ती राहू दे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीला आधी जातो, आणि कलम ६९ खाली २० टक्क्यांपर्यंत रक्कम सार्वजनिक किंवा धर्मादाय कामाला काढता येते, शासनाने नेमलेल्या संघीय संस्थेची (सहकारी संस्थांच्या संघाची) मान्यता घेऊन. ठेवीदाराच्या पैशाला धक्का नाही, हे मी सभेत सगळ्यात आधी सांगणार, कारण पतसंस्था म्हटलं की आधी लोकांना आपल्या ठेवीची धास्ती असते आणि ती बरोबरच आहे.

ठराव असा लिहिलाय: "धर्मादायासाठी काढलेल्या रकमेचा दहावा हिस्सा सलग पाच वर्षे मुलांच्या मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांवरील संशोधनासाठी सरकारी संशोधन संस्थेस द्यावा, व त्याचा हिशेब दरवर्षी अहवालात छापावा." पाच वर्षं मुद्दाम घातली, संशोधन करणाऱ्या तरुणांचे पगार असतात, पहिल्या वर्षी दिलं आणि दुसऱ्या वर्षी विसरलं तर अर्धवट काम कपाटात पडतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या सरकारी संस्थेला देणगी कशी घेतात ते विचारणारं पत्र आज टाकलंय.

ताई, ते पालकांच्या संघटनेचं मला चार ओळींत सोप्पं करून पाठव, सभेत वाचून दाखवीन. दादा, ठरावाची भाषा रविवारपर्यंत बघून द्या, संचालकांकडे सोमवारी द्यायचीय.

काकू