गावाचा पूर आराखडा खरंच वापरता येईल असा कसा लिहायचा?

काठावरचा
शिरोळ तालुक्यात आमच्या गावाचा आराखडा दरवर्षी तारीख बदलून वर जातो. आत नुसते फोन नंबर. पाणी चढायला लागलं की 'वरून आदेश येऊ दे' यातच दिवस जातो. त्यात नेमकं काय लिहावं?

मोजपट्टी
पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाण्याची पातळी ३९ फूट झाली की इशारा, ४३ ला धोका. पण ते आकडे कोल्हापूरचे. शिरोळला कृष्णेचा फुगवटा (मागं दाबलं जाणारं पाणी) येतो, म्हणून सांगलीचा आयर्विन पूलही बघा (४० आणि ४५). कुठं किती फूट असताना तुमच्या रस्त्यावरची कोणती मोरी (छोटा पूल) बुडाली, हे जुन्या पंचनाम्यांतून आणि म्हाताऱ्यांना विचारून काढा. घरात पाणी शिरण्याआधी रस्ता जातो, म्हणून गाव हलवायचा आकडा मोरीवरून धरा, उंबऱ्यावरून नव्हे. त्याच्या दोन फूट अलीकडे जनावरं बाहेर. गोठा भरलेला असेल तर माणूस हलत नाही. प्रत्येक आकड्यापुढं एक काम, एक नाव आणि तो नसला तर दुसरं नाव. 'ग्रामपंचायत करेल' लिहिलंत की संपलं.

खर्डेघाशी
आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ५० टेंडरविना खरेदीची मुभा देतं, पण ती आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला आणि संकट दारात आल्यावर. ट्रॅक्टर, जेसीबी, डिझेल यांचे दर मे महिन्यातच लेखी घेऊन ठेवा. वाहन ताब्यात घ्यायचा अधिकार कलम ६५ मध्ये आहे. तो तुमच्या भागात कोण वापरणार, हे तहसीलदारांकडून आधीच लिहून घ्या.

वल्हं
बोटीचं कुणी बोललंच नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटली. किती माणसं बसायची तो आकडा बोटीवरच रंगवा, तेवढीच जॅकेटं ठेवा. इंजिनात पेट्रोल तसंच राहिलं तर त्याचा चिकटा होऊन कार्बोरेटरचं जेट (पेट्रोलचं बारीक छिद्र) बुजतं, आणि ऐन पुरात दोरी ओढत बसावं लागतं. बुडालेल्या कुंपणाच्या तारेत पंखा अडकला की शिअर पिन (पंखा अडकला तर इंजिन वाचवायला आधी तुटणारी खिळी) तुटते. दोन पिना, पक्कड आणि वल्ही बोटीतच बांधून ठेवा.

काठावरचा
आणि चारा? शंभर जनावरं धरा.

मोजपट्टी
ऑगस्टमध्ये साखर कारखाने बंद, उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला) मिळत नाही. नुसत्या कडब्यावर मोठ्या जनावराला दिवसाला ८ किलो धरा. शंभर जनावरांचे सात दिवसांचे ५.६ टन होतात. गंजी शाळेच्या पटांगणात नको, तिथं माणसं उतरतात.