मदत हवी आहे: लाइट गनसाठी पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही दुरुस्त करायचा आहे

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमच्या धर्तीवर बनलेला, ६० पिनांच्या कॅसेटी घेणारा माझा लहानपणीचा व्हिडिओ गेम मी गेल्या वर्षी पुन्हा सुरू केला आणि तेव्हापासून कॅसेटी जमवण्याचा छंदच जडला. आता अडचण आहे ती ‘डक हंट’ या बदके टिपण्याच्या गेमच्या बंदुकीची, म्हणजे लाइट गनची. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो उजेड टिपतो. परंतु एलसीडी टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवत असल्यामुळे नेम अचूक असूनही बदक पडत नाही. म्हणून माळ्यावरचा २१ इंची जुना टीव्ही उतरवला, तर त्यावर मध्यभागी केवळ एक आडवी पांढरी रेघ दिसते. चित्र पडद्यावर वर-खाली पसरवणारी चिप, म्हणजे व्हर्टिकल आयसी, गेली असावी, असा माझा अंदाज आहे. बंद केल्यानंतरही ट्यूबमध्ये धोकादायक दाबाची वीज साठून राहते, त्यामुळे तो मी स्वतः उघडणार नाही. ठाणे, कळवा किंवा वाशी-नेरुळ भागात असे टीव्ही अजूनही दुरुस्त करणारे भरवशाचे कारागीर कोणाला ठाऊक आहेत का? टीव्ही फार जड आहे, त्यामुळे घरी येणारे असल्यास अधिक बरे.