लष्करी पोलिसांच्या अधिकाराबाबत

लष्करी पोलीस सैनिकाला पकडून स्वतःच शिक्षा देतात, असे म्हटले जाते. ते बरोबर नाही. १९५० च्या लष्करी कायद्याच्या १०७ व्या कलमानुसार प्रोव्होस्ट मार्शलला (लष्करी पोलिसांच्या प्रमुख अधिकाऱ्याला) गुन्हा करणाऱ्या सैनिकाला अटक करून खटल्यासाठी ताब्यात ठेवता येते आणि लष्करी न्यायालयाने ठोठावलेल्या शिक्षेची अंमलबजावणी करता येते, पण स्वतःच्या अधिकारात कोणतीही शिक्षा देता येत नाही. अधिकाऱ्याला अटक करायची असेल, तर दुसऱ्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. म्हणजे लाल टोपी, पांढरा पट्टा आणि दंडावरच्या काळ्या पट्टीवर लाल अक्षरांत ‘एमपी’ (मिलिटरी पोलीस) असा दरारा असला, तरी न्यायनिवाडा त्यांच्या हाती नाही.

भारतीय सैन्यातील या दलाची मुळे १९३९ मधील, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरची आहेत. शिस्त राखणे हे काम ठळकपणे दिसते खरे, मात्र युद्धकाळात वाहनांचे तांडे योग्य फाट्यावरून योग्य वेळी पुढे काढणे, तुकडीपासून चुकलेल्या सैनिकांना परत पोहोचवणे आणि युद्धकैद्यांचा ताबा घेणे हे माझ्या मते अधिक मोलाचे, कारण एका अरुंद पुलावर चुकीच्या क्रमाने ट्रक शिरले, तर मागचा सगळा दारूगोळा तिथेच अडकून पडतो.

या दलाचे प्रशिक्षण केंद्र बंगळुरूला असून, महिला सैनिकांची ८३ जणींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये तिथूनच बाहेर पडली.