मदत हवी आहे: अभ्यासाचं मोबाईल अ‍ॅप जुन्या डेस्कटॉपवर चालवायचंय

रेणाकाठ:

नमस्कार मंडळी. मी रेणापूर तालुक्यातला. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला परत परत विचारायची वेळ येणार नाही.

धाकटी बहीण अकरावीला आहे, नीटची तयारी करायलीय. लातूर जवळ आहे, पण तिथं ठेवायचं म्हणजे क्लासची फी, खोली, मेस. गेल्या खरिपात सोयाबीन बनिमीतच भिजलं, त्यामुळं यंदा ते झेपलं नाही. म्हणून एका क्लासचा ऑनलाइन कोर्स घेतला. शिकवणं चांगलं आहे. अडचण एवढीच की लेक्चर, नोट्स, टेस्ट सगळं त्यांच्या मोबाईल अ‍ॅपमध्येच. पोरगी रोज पाच-सहा तास साडेसहा इंची फोनमध्ये डोकं घालून बसते. फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर काढलेली आकृती दोन बोटांनी मोठी करावी तर खालची समीकरणं स्क्रीनबाहेर जातात. दिवाळीपासून डोकं दुखायलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर वाढवून दिला आणि सांगितलं, स्क्रीन मोठी आणि लांब पाहिजे.

घरात पाहुण्यांनी दिलेला एक डेस्कटॉप आहे: आय-३ ३२२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर, विंडोज १०. त्यावर ब्लूस्टॅक्स ५ हे डेस्कटॉपवर अँड्रॉइड अ‍ॅप चालवणारं एम्युलेटर टाकलं. उघडायला पंधरा मिनिटं लागली, मग माऊसचा बाणसुद्धा हलेना. एका दुकानदारानं सांगितलं, हा भंगारात द्या, नवा घ्या. नव्यासाठी पैसे असते तर तिला लातूरलाच ठेवलं असतं.

ह्या मशीनवर हे अ‍ॅप चालेल का? चालणार असेल तर रॅमवर थोडे पैसे घालायची तयारी आहे. चालणारच नसेल तर तसंही स्पष्ट सांगा.

गोदाकाठचा मेकॅनिक:

भाऊ, भंगारात देऊ नका. नांदेडात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, ह्या जातीची मशीनं रोज हातात येतात. पैसे घालायच्या आधी एक फुकटचं काम करा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली 'व्हर्च्युअलायझेशन' असं लिहिलेलं दिसेल. त्याच्यापुढं 'डिसेबल्ड' असेल तर रोग सापडला.

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एका मशीनच्या आत दुसरं मशीन चालवायला प्रोसेसरनं दिलेली सोय. आय-३ ३२२० मध्ये ती आहे. इंटेलनं ती २००५ पासून प्रोसेसरमध्ये द्यायला सुरुवात केली. पण जुन्या मदरबोर्डांवर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ती बऱ्याचदा बंदच असते. मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा, सीपीयू कॉन्फिगरेशनमध्ये 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' सापडेल, ते चालू करा, सेव्ह करून बाहेर या. ही सोय बंद असताना एम्युलेटरला सगळा भार सॉफ्टवेअरनं ओढावा लागतो. माऊस न हलण्याचं पहिलं कारण तेच.

दुसरं कारण रॅम. ब्लूस्टॅक्सची किमान अटच ४ जीबीची आहे, म्हणजे तुम्ही अगदी काठावर उभे आहात. विंडोजनं आपला वाटा घेतला, अँड्रॉइडनं आपला घेतला की उरलेलं हार्ड डिस्कवर जातं आणि डिस्क करकरायला लागते.

तुळजापूरकर:

विंडोज ११ टाका की. त्यात अँड्रॉइड अ‍ॅप थेट चालतात असं वाचलंय.

गोदाकाठचा मेकॅनिक:

चालत होती. मायक्रोसॉफ्टनं ती सोय २०२१ मध्ये जाहीर केली आणि ५ मार्च २०२५ ला बंदही केली. शिवाय तिसऱ्या पिढीच्या आय-३ ला विंडोज ११ अधिकृतपणे मिळतच नाही. विंडोजऐवजी गुगलचं क्रोम ओएस फ्लेक्स टाकायचा सल्लाही कुणी देईल, म्हणून आत्ताच सांगतो: जुन्या मशीनवर ते छान पळतं, पण त्यात अँड्रॉइड अ‍ॅप चालत नाहीत. त्या आशेनं विंडोज पुसून बसलेलं एक गिऱ्हाईक माझ्याकडं आलं होतं.

पेंग्विनप्रेमी, परभणी:

रेणाकाठ भाऊ, आत नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे कुठं पैसे घालायचे आणि कुठं नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल.

एम्युलेटर म्हणजे डेस्कटॉपच्या पोटात एक नकली फोन उभा करणं. फोनचा प्रोसेसर एआरएम जातीचा, तुमचा आय-३ एक्स-८६ जातीचा. दोघांची यंत्रभाषा वेगळी. अ‍ॅपमधला जावा किंवा कोटलिनचा भाग ज्या मशीनवर अ‍ॅप बसवलंय तिथल्या प्रोसेसरसाठी तिथंच तयार होतो, त्यामुळं तो अडत नाही. अडतो तो सी आणि सी प्लस प्लसमधला भाग. व्हिडिओ प्लेअर, सुरक्षेची कुलपं ही बहुतेक त्याच भागात असतात, आणि कित्येक अ‍ॅपवाले तो भाग फक्त एआरएमसाठीच बनवून देतात. मग मधे दुभाष्या लागतो. इंटेलचा हूडिनी नावाचा दुभाष्या आहे, गुगलचाही वेगळा आहे. दुभाष्या आला की बोलणं हळू होणारच.

लिनक्स ही विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टीम. तिच्यावर अँड्रॉइड चालवणारं वेड्रॉइड आहे. ते वेगळं मशीन उभं करत नाही, लिनक्सच्याच कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, अँड्रॉइड एका डब्यात चालवतं, म्हणून रॅम कमी खातं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळं तसंही लिनक्सकडं बघायला हरकत नाही. पण वेड्रॉइडला वेलँडवर (स्क्रीनवर चित्र दाखवायची लिनक्सची एक पद्धत) चालणारा डेस्कटॉप लागतो, हूडिनी वेगळा बसवावा लागतो आणि प्ले स्टोअरसाठी ते डिव्हाइस गुगलकडं हातानं नोंदवावं लागतं. बहिणीचा अभ्यास थांबवून हे करू नका. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा.

रेणाकाठ:

मेकॅनिक भाऊ, तुमचं बरोबर निघालं. बायोसमध्ये बंदच होतं. चालू केल्यावर ब्लूस्टॅक्स तीन-चार मिनिटांत उघडलं आणि माऊसही हलायला लागला. पोरगी शेजारीच उभी होती, तिच्या तोंडावरचा आनंद बघून मलाच भरून आलं.

पण पुढं घात झाला. अ‍ॅप डाउनलोड केलं, तिचा नंबर टाकला, ओटीपी आला, आणि स्क्रीनवर आलं की हे डिव्हाइस चालणार नाही. बरं म्हणून फोन उचलला, तर फोनवरूनही लॉगआउट! एका खात्याला एकच डिव्हाइस असा त्यांचा नियम आहे आणि त्यांच्या हिशेबी आम्ही डिव्हाइस बदललं. ऑफिसला फोन लावला तर अर्ज पाठवा म्हणाले. खातं मोकळं व्हायला दोन दिवस गेले आणि रविवारची टेस्ट हुकली. ती काही बोलली नाही, पुस्तक घेऊन बसली. मला मात्र झोप लागली नाही. धागा वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, एम्युलेटरमध्ये लॉगिन करायच्या आधी क्लासला डिव्हाइसचा नियम विचारा.

पेंग्विनप्रेमी, परभणी:

वाईट वाटलं भाऊ. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं.

प्रत्येक अँड्रॉइडला आपला एक ओळख क्रमांक असतो. एम्युलेटर नवा क्रमांक घेऊन जातो, म्हणून सर्व्हरला तो दुसरा फोन वाटतो. आणि 'चालणार नाही' हे उत्तर बहुतेक प्ले इंटेग्रिटीतून आलं असावं. त्यात अ‍ॅप गुगलला विचारतं, हा फोन खरा आणि मान्यता असलेला आहे का. एम्युलेटर त्या परीक्षेत नापास होतो. बँकांची अ‍ॅप अडतात ती बऱ्याचदा इथंच. यूपीआयला तर त्याच फोनमधल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो, तो डेस्कटॉपवरून जाणार कुठून?

ही परीक्षा चुकवायच्या युक्त्या टेलिग्रामवर मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. फोडलेल्या अ‍ॅपमध्ये गुगलचा पासवर्ड टाकणं म्हणजे घराची किल्ली अनोळख्या माणसाच्या हातात देणं, आणि क्लासनं खातं कायमचं बंद केलं तर नुकसान पोरीचं.

बालाघाटकर:

विषय निघालाच आहे तर विचारतो. एम्युलेटरमध्ये लोकेशन पाहिजे तिथलं टाकता येतं म्हणे. ई-पीक पाहणी, म्हणजे अ‍ॅपवरची पिकाची नोंद, घरी बसून करता येईल का? आमचं रान डोंगरापलीकडं आहे, रेंजही नसते.

रेणाकाठ:

दादा, धागा माझा आहे म्हणून मीच उत्तर देतो. करू नका. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही पाहणी आपल्याच हातात दिली, ती ह्याचसाठी की बांधावर उभं राहून फोटो काढला की सातबाऱ्यावर जे उभं आहे तेच पीक लागेल. पूर्वी न बघता लागलेल्या नोंदी आपण सोसल्यात. उद्या अतिवृष्टीचं अनुदान नाहीतर विमा आला आणि नोंद खोटी निघाली तर कुणाकडं दाद मागायची? वयस्कर माणसाला जाणं होत नसेल तर गावातल्या सहायकाला सोबत न्या, पण फोटो रानातलाच असू द्या.

तुळजापूरकर:

आयफोनची अ‍ॅप विंडोजवर येतील का?

पेंग्विनप्रेमी, परभणी:

नाही. अ‍ॅपलचा सिम्युलेटर फक्त मॅकवर चालतो, आणि तोही अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी आहे, त्यात अ‍ॅप स्टोअर नसतं. २०२० च्या अखेरपासून आलेल्या अ‍ॅपलच्याच चिपवाल्या मॅकवर आयफोनची काही अ‍ॅप चालतात, ती बनवणाऱ्यानं परवानगी दिली असेल तरच.

जालन्याची बाई:

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रेणाकाठ दादा, तुम्हाला हवी आहे मोठी स्क्रीन. त्यासाठी डेस्कटॉपमध्ये दुसरा फोन कशाला उभा करायचा? आहे तोच फोन मॉनिटरवर दाखवा. अ‍ॅप खऱ्या फोनवरच चालतं, त्यामुळे डिव्हाइस बदलत नाही आणि ४ जीबी रॅम पुरून उरते. वर्गात मी हेच करते.

प्रोग्राम फुकट आहे, इंग्रजीत एस-सी-आर-सी-पी-वाय असं लिहितात आणि 'स्क्रीन कॉपी' असं वाचतात. जेनीमोबाईल कंपनीनं २०१८ मध्ये मोफत खुला केला. गिटहब या प्रोग्राम ठेवायच्या साइटवरच्या त्यांच्याच पानावरून घ्या, त्याच नावाच्या नकली साइटी आहेत. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल' उघडून बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा. डेव्हलपर ऑप्शन्स दिसतील, त्यात यूएसबी डीबगिंग, म्हणजे केबलवरून डेस्कटॉपला फोन चालवू देणारी सोय, चालू करा. नुसती चार्जिंगची केबल चालत नाही, डेटा जाणारी लागते. फोन जोडला की त्यावर परवानगी विचारली जाईल, ती द्या आणि प्रोग्राम उघडा. शाओमीचा फोन असेल तर 'यूएसबी डीबगिंग, सिक्युरिटी सेटिंग्ज' हेही चालू करावं लागतं, नाहीतर चित्र दिसतं पण माऊस चालत नाही. अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तर आवाजही डेस्कटॉपवर येतो.

अभ्यास झाला की डीबगिंग बंद करा. बँकांची काही अ‍ॅप त्यावरून कुरकुरतात, आणि ते चालू ठेवणं तसंही बरं नाही.

एक शंका आहे, ती आधीच सांगते. क्लासवाल्यांनी व्हिडिओला कुलूप लावलं असेल तर तेवढा भाग काळा दिसेल. अ‍ॅपनं खिडकी 'सुरक्षित' म्हणून जाहीर केली की अँड्रॉइड तिचा स्क्रीनशॉट देत नाही, रेकॉर्डिंग देत नाही आणि अशा आरशातही दाखवत नाही. टीव्हीवर कास्ट केलं तरी बहुधा तेच होईल.

रेणाकाठ:

बाई, तुमचे उपकार कसे फेडू? काल रात्री जोडलं. टेस्ट आणि नोट्स मॉनिटरवर स्वच्छ दिसतात. लेक्चर लावलं की तुम्ही म्हणालात तसं काळं, फक्त आवाज येतो. तिनं पहिल्यांदाच सरळ बसून पूर्ण टेस्ट सोडवली. पावणेदहाला लाइट गेली, मॉनिटर विझला, पण टेस्ट फोनवरच चालू होती. तिनं फोन हातात घेतला आणि उरलेले अकरा प्रश्न तिथंच पूर्ण केले. एम्युलेटर असता तर सगळं डेस्कटॉपसोबतच गेलं असतं, हे तेव्हा लक्षात आलं.

राहिला प्रश्न लेक्चरचा. वेब लॉगिन मिळेल का म्हणून क्लासला विचारलं, नाही म्हणाले.

गोदाकाठचा मेकॅनिक:

मग रॅम आणि एसएसडीवर (वेगवान डिस्क) पैसे घालू नका, दुकानदार असून सांगतोय. ती दोन्ही घातली तरी ते अ‍ॅप एम्युलेटरला दार उघडणार नाही. ते पैसे बाजूला ठेवा, थोडी भर घाला आणि दहा इंची अँड्रॉइड टॅब बघा, जुना असला तरी चालेल. तो खरा अँड्रॉइड आहे, अ‍ॅपला अडायचं कारण नाही. क्लासला आधी लेखी कळवून डिव्हाइस बदलून घ्या आणि कुठलीही टेस्ट नसेल त्या दिवशी बदला. बॅटरी असल्यामुळं लाइटचंही भागलं.

फोनमधून वायरनं थेट मॉनिटरला जोडता येईल का असं मनात येईल. महागड्या फोनच्या टाइप-सीमधून डिस्प्ले बाहेर निघतो, स्वस्तातल्या फोनमधून सहसा नाही.

रेणाकाठ:

घरी बोललो. ह्या वेळचं सोयाबीन विकलं की टॅब घ्यायचं ठरलंय. तोवर लेक्चर फोनवर, स्टँडला लावून हातभर लांब, आणि बाकी सगळं मॉनिटरवर. एक शेवटचं सांगा: जुना टॅब घेताना तो त्या इंटेग्रिटीच्या परीक्षेत पास होईल का, हे विकणाऱ्याच्या समोरच कसं बघायचं?

पेंग्विनप्रेमी, परभणी:

प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टॅप करून सेटिंग्जमध्ये जा, तिथं 'अबाउट' उघडा. 'प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन' खाली 'डिव्हाइस इज सर्टिफाइड' असं असेल तर पुढचं बोला, नसेल तर टॅब परत हातात द्या. मग स्टोअरवरून 'डीआरएम इन्फो' नावाचं छोटं अ‍ॅप टाकून 'वाइडवाइन' (गुगलचं व्हिडिओचं कुलूप) ह्याच्यापुढं काय लिहिलंय ते बघा. एल-१ असेल तर उत्तम. एल-३ असेल तर कुलूप लावलेला व्हिडिओ धूसर दिसू शकतो आणि फळ्यावरची समीकरणं पुन्हा वाचता येणार नाहीत. आणि पैसे द्यायच्या आधी जुन्या मालकाला त्याचं गुगल खातं तुमच्यासमोर काढायला लावा.